लोगोखालचा एक शब्द : अण्णांच्या फोनवर कस्टम रिकव्हरी बसवण्याचं प्रकरण

सोलापुरात गड्ड्याची यात्रा तोंडावर आली होती. होम मैदानावर पाळणे उभे राहत होते, आणि नवी पेठेत आमच्या मोबाईल दुरुस्तीच्या गाळ्यासमोर भर दुपारीसुद्धा गाडी लावायला जागा नव्हती. जानेवारी २०२० मधला तो आठवडा. पूर्व भागातले एक टॉवेल कारखानदार रुमालात गुंडाळलेला फोन घेऊन आले. चार माग, दोन कामगार आणि घरची माणसं, एवढाच त्यांचा पसारा. सोबत मुलगी होती, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला. गल्लीत त्यांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही अण्णाच म्हणतो.

"तीन दिवस झाले, लोगोच्या पुढं जाईना झालाय," अण्णा म्हणाले. "एका दुकानात दाखवला. फॉरमॅट मारावं लागतंय म्हणाले. मारला की चालू होईल, पण आतलं काय राहणार नाही. आत तर माझा सगळा धंदा हाय की ओ."

फोनला हात लावण्याआधी आत काय आहे ते विचारायची मला सवय आहे, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर ठरते. अण्णांच्या फोनात तीन गोष्टी होत्या. पहिली, काठांचे फोटो. विणून झालेल्या प्रत्येक नमुन्याचा काठ पांढऱ्या चादरीवर पसरलेला, बाजूला लाकडी पट्टी, पट्टीखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर इंचाला किती तारा आणि रंगाचा नंबर. असे सहा-सातशे फोटो. दुसरी, मजुरीच्या वहीच्या पानांचे फोटो. घरातली टाकी वाहून एकदा वही भिजली, तेव्हापासून दर शनिवारी ते पानांचे फोटो काढून ठेवायचे. तिसरी गोष्ट त्या दिवशी सगळ्यात महत्त्वाची होती : फोनवरच्या बोलण्याची रेकॉर्डिंग. हैदराबादचा एक व्यापारी ऑर्डर तोंडी सांगतो, कोणता रंग, किती डझन. अण्णा ते रेकॉर्ड करतात आणि रात्री माग बंद झाल्यावर सावकाश ऐकून कागदावर उतरवतात. शेवटची ऑर्डर उतरवायच्या आधीच फोन अडकला. त्यांना परत विचारा की, असं मी सुचवलं. विचारलं होतं. व्यापाऱ्याने आकडे सांगितलेही, पण ते आधीच्या आकड्यांशी जुळत नाहीत असं अण्णांना वाटत होतं, आणि सोमवारी ताणा चढवायचा होता.

कस्टम रिकव्हरी बसवायला पाच मिनिटं लागतात. हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्या पाच मिनिटांसाठी नाही, त्याच्या आधीच्या तीन तासांसाठी.

एकाच नावाचे दोन फोन

फोन रेडमी नोट ४. या नावाचे दोन वेगळे फोन आहेत, आणि आमच्या धंद्यात नवख्या माणसाला ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगायला हवी. एकात मीडियाटेकचा हेलिओ एक्स२० प्रोसेसर आहे, त्याचं कोडनेम निकेल. दुसऱ्यात क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन ६२५, त्याचं कोडनेम मिडो. भारतात जानेवारी २०१७ मध्ये आला तो मिडो. बाहेरून दोघे भाऊ-भाऊ दिसतात. साडेपाच इंची स्क्रीन, धातूची पाठ, मागे बोटाचा ठसा. आत मात्र एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही.

रिकव्हरी म्हणजे काय, हे अण्णांना जसं सांगितलं तसंच इथे सांगतो. फोनची मेमरी एकसंध नसते, तिच्यात खोल्या पाडलेल्या असतात. एका खोलीत अँड्रॉइड राहतं, एका खोलीत तुमचा डेटा, एका लहान खोलीत फोन सुरू करणारी बूट इमेज, आणि आणखी एका लहान खोलीत रिकव्हरी. रिकव्हरीचं स्वतःचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, असतं, त्यामुळे अँड्रॉइड उठत नसलं तरी ती उठू शकते. कंपनीने दिलेली रिकव्हरी मोजकी कामं करते : अपडेट चढवणे, डेटा पुसणे. कस्टम रिकव्हरी ही त्या खोलीत आणून बसवलेली दुसरी व्यवस्था. तिच्यातून फायली पाहता येतात, कॉपी करता येतात, बॅकअप घेता येतो, कंपनीची सही नसलेलं सॉफ्टवेअर चढवता येतं. २०११ पासून चालत आलेली टीडब्ल्यूआरपी, म्हणजे टीम विन रिकव्हरी प्रोजेक्ट, ही त्यातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी.

इतकं ऐकून कुणीही म्हणेल, मग बसवा की ती आणि काढा फोटो. इथेच खरी अडचण असते. बूटलोडर म्हणजे फोन चालू करताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर. ते लॉक असलेल्या फोनवर कस्टम रिकव्हरी चालत नाही. लॉक काढायचं तर काढताना फोन आतला सगळा डेटा पुसतो, आणि ते मुद्दाम तसं केलेलं आहे. नाहीतर चोराने फोन उचलायचा, लॉक काढायचं, रिकव्हरी बसवायची आणि सगळं वाचायचं. ही व्यवस्था योग्य आहे असं माझं मत आहे. पण तिचा अर्थ असा की लॉक फोन अडकल्यावर "कस्टम रिकव्हरीने डेटा काढून देतो" असं कुणी म्हणालं, तर त्याला एकतर कळत नाही किंवा तो फसवतोय.

म्हणून मी पहिल्यांदा फोन फक्त चालू केला आणि लोगोच्या खाली पाहिलं. स्क्रीनच्या अगदी तळाला बारीक अक्षरांत इंग्रजी शब्द होता : अनलॉक्ड.

"हा शब्द कधीपासून आहे?" मी विचारलं.

अण्णांनी चष्मा वर करून पाहिलं. "कंपनीचंच काहीतरी असंल की. घेतल्यापासून हाय."

फोन त्यांनी २०१८ मध्ये जुना म्हणून घेतला होता. आधीच्या मालकाने लॉक काढलेलं होतं, आणि विकताना कुणी त्यांना ते सांगितलं नव्हतं.

मुलगी इतका वेळ गप्प होती. आता म्हणाली, "काका, मला माहीत होतं."

काय झालं होतं

तिला बोलतं करायला मी अण्णांना समोरून चहा सांगायला पाठवलं. वडिलांसमोर पोरं अर्धंच सांगतात, आणि अर्ध्या माहितीवर फोन हाताळणं सगळ्यात वाईट.

तिने तो शब्द पाहून शोधाशोध केली होती. तिला घरच्या फोनातल्या जाहिराती बंद करायच्या होत्या आणि अक्षरांचं वळण बदलायचं होतं. महिन्यापूर्वी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर कंपनीचं मूळ पॅकेज उतरवून त्यातली बूट इमेज तिने मॅजिस्कने बदलून घेतली आणि फास्टबूटमधून, म्हणजे केबल लावून कॉम्प्युटरवरून फोनच्या मेमरीत थेट लिहिता येतं त्या मोडमधून, परत फोनवर लिहिली. मॅजिस्क म्हणजे फोनला रूट, म्हणजे सिस्टिमवर पूर्ण अधिकार, देणारी व्यवस्था. हे काम तिने बरोबर केलं होतं. मग "रेडमी नोट ४ साठी रिकव्हरी" असं शोधून मिळालेली फाइल रिकव्हरीच्या खोलीत लिहिली. फास्टबूटने "ओके" म्हटलं. फोन नीट चालू झाला, म्हणून रिकव्हरी बसली असं तिने धरून चाललं. उघडून पाहिलीच नाही. आणि तीन दिवसांपूर्वी मॅजिस्कमधून अक्षरांचं एक मोड्यूल, म्हणजे वरून जोडायचा तुकडा, चढवलं. फोन रीस्टार्ट झाला आणि लोगोवर राहिला.

फाइलचं नाव आठवतं का, विचारलं. तिच्या मोबाईलमध्ये डाउनलोडची यादी अजून होती. नावाच्या शेवटी निकेल.

फास्टबूट फाइल कुणाची आहे ते विचारत नाही. लॉक काढलेल्या फोनवर तुम्ही ज्या खोलीत जे लिहा म्हणाल ते तो लिहितो, खोलीत मावत असलं की झालं. "ओके" याचा अर्थ लिहून झालं एवढाच. चालेल असा त्याचा अर्थ नाही.

इथे जाणकाराला एक प्रश्न पडेल. कंपनीचं अँड्रॉइड सुरू होताना रिकव्हरी बदललेली दिसली तर स्वतःची रिकव्हरी परत लिहून टाकतं, मग ही चुकीची फाइल महिनाभर कशी टिकली? सिस्टिम ही दुरुस्ती बूट इमेजवरून करते. बूट इमेज आणि एक लहानशी पॅच फाइल जोडून मूळ रिकव्हरी तयार करायची, अशी ती पद्धत. त्यासाठी बूट इमेज मूळचीच असावी लागते. पोरीने ती आधीच मॅजिस्कने बदललेली होती. हिशेब जुळला नाही, दुरुस्ती झाली नाही, आणि निकेलची फाइल मिडोच्या खोलीत पडून राहिली.

त्या चुकीच्या फाइलमुळेच अण्णांचा डेटा वाचला होता. आधीच्या दुकानदाराने व्हॉल्यूम अप आणि पॉवर दाबून रिकव्हरी उघडायचा प्रयत्न केला होता. उघडली असती तर दोन बटणांत डेटा पुसला गेला असता आणि फोन तिथल्या तिथे परत मिळाला असता. उघडली नाही, म्हणून "संध्याकाळपर्यंत ठेवा, कॉम्प्युटरवरून मारतो" असं सांगण्यात आलं, आणि अण्णांना फोन तिथे सोडून यायला धीर झाला नाही.

निर्णय

माझ्यासमोर तीन रस्ते होते. पहिला, कंपनीचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवरून पुन्हा चढवणे, डेटा राखून. तसं करता येतं. पण त्या टूलच्या तळाला तीन पर्याय असतात आणि त्यातला एक सगळं पुसून लॉक करणारा असतो. तो चुकून निवडलेला राहिला की परतीचा मार्ग नाही. दुसरा, मूळ बूट इमेज लिहिणे. मॅजिस्क निघून गेलं की मोड्यूल लागू होत नाही आणि फोन बहुतेक उठतो. पण त्याच आवृत्तीची बूट इमेज हवी. ती मैत्रिणीच्या लॅपटॉपवर होती आणि मैत्रीण यात्रेआधी आजोळी गेली होती. "बहुतेक" या शब्दावर अण्णांची ऑर्डर ठेवायला मी तयार नव्हतो.

तिसरा रस्ता मी घेतला : मिडोची बरोबर रिकव्हरी फोनवर काही न लिहिता चालवायची. फास्टबूटला दोन वेगळ्या आज्ञा देता येतात. फ्लॅश म्हटलं की फाइल मेमरीत लिहिली जाते. बूट म्हटलं की फाइल फक्त रॅममध्ये जाते आणि तिथून सुरू होते. फोन बंद केला की ती गेली, मागे काही उरत नाही. मिडो ही दुसरी आज्ञा मानतो. सगळे फोन मानत नाहीत. आधी डेटा बाहेर काढायचा, मग फोन उठवायचा, आणि रिकव्हरी कायमची बसवायची ती सगळ्यात शेवटी.

पावतीच्या पाठीमागे मी लिहून घेतलं : फोन पूर्ण बंद पडू शकतो, डेटा जाऊ शकतो, बूटलोडर आधीपासून अनलॉक आहे हे सांगितलं. अण्णांनी तेलुगूत सही केली. ही सही मी माझ्या बचावासाठी घेत नाही. माणूस लिहिलेलं वाचतो तेव्हा थांबतो, प्रश्न विचारतो. अण्णांनीही विचारला. "तुम्हाला जर आत जाता येतंय, तर फोन हरवला तर दुसऱ्यालाबी येईल की?" प्रश्न बरोबर होता. उत्तर असं की तिथे पॅटर्न आडवा येतो, पण लॉक असलेल्या फोनइतकी राखण होत नाही. हे मी त्यांना तसंच सांगितलं.

टेबलावर

बॅटरी तीन टक्के होती. लोगोवर घुटमळणारा फोन बॅटरी खातो, आणि मधेच बंद पडलेला फोन म्हणजे नवं संकट. चाळीस मिनिटं नुसता चार्जिंगला ठेवला. त्या वेळात टीडब्ल्यूआरपीच्या मूळ ठिकाणाहून मिडोची ३.३.१ आवृत्ती उतरवली आणि फाइलचा हॅश, म्हणजे फाइलवरून निघणारी तिची खूण, तिथे दिलेल्या हॅशशी ताडून पाहिला. मुलीला शेजारी बसवलं. एक ओळ मी वाचायची, एक तिने. चौसष्ट अक्षरं आहेत, दोन मिनिटं लागतात.

फोन बंद करून व्हॉल्यूम डाउन आणि पॉवर. फास्टबूटचं चित्र आलं. केबल लावली, कॉम्प्युटरने फोन ओळखला, आणि पहिल्याच आज्ञेला उत्तर न देता गप्प बसला. हा अनुभव जुना आहे. नव्या कॉम्प्युटरच्या यूएसबी ३ पोर्टवर फास्टबूट कधीकधी असा अडतो. मधे जुना यूएसबी २ हब लावला, पातळ केबल बदलून जाड केबल घेतली. आता उत्तरं यायला लागली. फोन कोणत्या कुळातला विचारलं, उत्तर स्नॅपड्रॅगनच्या बाजूचं आलं. लॉकची स्थिती विचारली : अनलॉक, ट्रू. जुना घेतलेला फोन बाहेरून आलेला निकेल तर नाही ना, एवढी शंका मनात होती, ती मिटली.

मग बूटची आज्ञा. स्क्रीन काळी झाली, लोगो आला, पुन्हा काळी. या आठ-दहा सेकंदांत आजही माझं बोट टेबलावर वाजत असतं. निळं चित्र आलं आणि त्याच्यामागून नऊ ठिपके.

रिकव्हरी पॅटर्न मागत होती. डेटा कुलूपबंद होता, आणि किल्ली त्या पॅटर्नमधून तयार होते. बोटाचा ठसा इथे चालत नाही. मी फोन अण्णांच्या हातात दिला आणि मान वळवली. गिऱ्हाइकाचा पॅटर्न पाहायचा नाही, कागदावर लिहून घ्यायचा नाही, हा माझ्या गाळ्याचा नियम आहे. तीन दिवस घाबरलेल्या माणसाचं बोट पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा बरोबर फिरलं.

लगेच पुढचा प्रश्न आला : सिस्टिममध्ये बदल करू द्यायचा का? खाली सरकपट्टी असते, आणि पट्टी दिसली की सरकवायची सवय हाताला लागलेली असते. आम्ही "फक्त वाचायचं" हे बटण दाबलं. आपल्याला सिस्टिमला हात लावायचाच नव्हता. शिवाय सिस्टिममध्ये एक जरी अक्षर बदललं तरी सुरू होताना तपासणी करणारं अँड्रॉइड ते ओळखतं आणि उठायचं नाकारू शकतं.

मोजणी

इथे मी मुद्दाम थांबून सांगतो, कारण बहुतेकांचं काम इथे चुकतं.

टीडब्ल्यूआरपीत "बॅकअप" नावाचं मोठं बटण आहे. त्यातला डेटाचा बॅकअप घेतला की सगळं आलं असं लोकांना वाटतं. ते खरं नाही. त्या बॅकअपमध्ये ॲप आणि त्यांची माहिती येते, पण इंटर्नल स्टोरेज, म्हणजे फोटो, रेकॉर्डिंग, डाउनलोड, व्हॉट्सॲपचं फोल्डर, यातलं काही येत नाही. आणि तो बॅकअप लिहिलाही जातो बहुधा त्याच फोनच्या पोटात. अण्णांना हवं होतं ते नेमकं त्या न येणाऱ्या भागात. म्हणून इंटर्नल स्टोरेज मी एडीबीने, म्हणजे केबलवरून फोनशी बोलणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या टूलने, सरळ कॉम्प्युटरवर ओढायला घेतलं.

ओढण्याआधी फोनवर किती फायली आहेत ते मोजून वहीत लिहिलं : अकरा हजार आठशे सेहेचाळीस. एकवीस जीबी. पाऊण तासाने कॉपी थांबली. कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये काठांचे फोटो दिसत होते, वहीची पानं दिसत होती. अण्णांचा चेहरा मोकळा झाला. मी कॉम्प्युटरवरच्या फायली मोजल्या. दोनशे चौदा कमी.

कॉपी संपली नव्हती, अडली होती. शेवटच्या ओळीत एका फाइलचं नाव होतं आणि ती बनवता येत नाही असा मजकूर. रेकॉर्डिंग करणारं ॲप फाइलला तारीख आणि वेळ यांचं नाव देत होतं, आणि तास-मिनिटांच्या मधे दोन टिंबं, म्हणजे कोलन, घालत होतं. अँड्रॉइडला ते चालतं. विंडोजमध्ये फाइलच्या नावात कोलन चालत नाही. म्हणजे कमी पडलेल्या दोनशे चौदा फायली नेमक्या त्याच होत्या, ज्यांच्यासाठी अण्णा तीन दिवस जागे होते. फोल्डर उघडून फोटो दिसले म्हणून मी पुढे गेलो असतो आणि नंतर काही बिघडलं असतं, तर?

लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. फोन रिकव्हरीतच निवांत होता. ते एकच फोल्डर परत ओढलं. मोजलं. अकरा हजार आठशे सेहेचाळीस.

मग शेवटची रेकॉर्डिंग तिथेच लावली. व्यापाऱ्याचा आवाज, मागे कुठेतरी रिक्षाचा हॉर्न. अण्णांनी माझ्याकडून पावतीपुस्तकाचं कोरं पान घेतलं आणि तेलुगूत आकडे लिहीत गेले. गुलाबी चाळीस डझन, मोरपंखी पंचवीस. मोरपंखीवर त्यांनी हात वर केला. "मागं घ्या." परत ऐकलं. पंचवीसच. नंतर फोनवर व्यापाऱ्याने पस्तीस सांगितले होते. दहा डझनांचा फरक. अण्णांनी पान घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं, मग फोनकडे पाहिलं. "आता करा काय करायचं ते."

याच वेळी एक लहान काम उरकलं. रिकव्हरीतून ईएफएस नावाच्या भागाचा बॅकअप घेतला आणि कॉम्प्युटरवर टाकला. फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक, आणि नेटवर्कची जुळणी तिथे असते. तो भाग बिघडला तर फोन चालू होतो पण सिम पकडत नाही. हा बॅकअप त्याच फोनवर परत घालण्यासाठीच असतो. आयएमईआय बदलणं हा गुन्हा आहे, २०१७ मध्ये त्यासाठी वेगळे नियमही आले.

फोन उठला

हा भाग सगळ्यात लहान. मॅजिस्कची मोड्यूल्स डेटाच्या खोलीत एडीबी नावाच्या फोल्डरमध्ये, त्याच्या आत मोड्यूल्स या फोल्डरमध्ये असतात. प्रत्येक मोड्यूलचं एक घर. त्या घरात "डिसेबल" नावाची रिकामी फाइल ठेवली की पुढच्या वेळी मॅजिस्क ते मोड्यूल लावत नाही. काही पुसायचं नाही, काही फॉरमॅट करायचं नाही. अक्षरांच्या मोड्यूलच्या फोल्डरमध्ये मी ती रिकामी फाइल तयार केली आणि रीस्टार्ट दिलं.

लोगो, आणि चार मिनिटं नुसती वाट. मग अण्णांच्या नातवाचा फोटो असलेली लॉक स्क्रीन आली.

आता रिकव्हरी

फोन उठला तरी रिकव्हरीच्या खोलीत निकेलची निरुपयोगी फाइल होतीच. पुन्हा काही अडलं तर दार उघडणार नव्हतं. कंपनीची मूळ रिकव्हरी परत लिहायची की टीडब्ल्यूआरपी बसवायची? लॉक पुन्हा लावायचं तर फोन पूर्ण पुसावा लागतो, आणि अण्णांना महिनाअखेरपर्यंत फोन हातातून सोडायचा नव्हता. बदललेल्या बूट इमेजवर नुसतं लॉक लावणं तर धोक्याचं, फोन उठायचंच नाकारू शकतो. म्हणून तेवढ्यापुरती टीडब्ल्यूआरपी बसवायची असं आम्ही तिघांनी ठरवलं. ही बसवणी मी केली नाही. कीबोर्ड मुलीकडे सरकवला.

"अण्णा रागावतील," ती हळूच म्हणाली.

"रागवंना," अण्णा मागून म्हणाले. "बिघडवायला शिकलीस, आता नीट करायला शीक की."

तिने फाइलचं नाव एकेक अक्षर करत वाचलं आणि शेवटच्या चार अक्षरांवर बोट ठेवलं : मिडो. मग फ्लॅशची आज्ञा, खोलीचं नाव रिकव्हरी, फाइलचं नाव, एंटर. फाइल गेली, लिहिली गेली, दोन्ही ओळींपुढे ओके. सगळं मिळून दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. यावेळी ती तिथे थांबली नाही. व्हॉल्यूम अप आणि पॉवर दाबून धरलं, लोगो दिसताच पॉवर सोडलं, व्हॉल्यूम तसंच दाबून. निळं चित्र आलं. फ्लॅश केल्यावर सरळ अँड्रॉइडमध्ये न जाता आधी रिकव्हरी उघडायची, हे तिने मी न सांगता केलं. का, ते तिने मघाशीच ऐकलं होतं.

टीडब्ल्यूआरपीतल्या दोन बटणांमधला फरक मात्र तिला दाखवून ठेवला. "फॅक्टरी रिसेट" म्हटलं की ॲप आणि सेटिंग जातात, फोटोंचं इंटर्नल स्टोरेज राहतं. "फॉरमॅट डेटा" म्हटलं की सगळं जातं, आणि त्यासाठी ती "येस" असं टाइप करायला लावते. कंपनीच्या रिकव्हरीत असा फरक नसतो, तिथे डेटा पुसला की फोटोही गेले.

जे दुसऱ्या फोनला लागू नाही

हे प्रकरण वाचून कुणी आजच्या फोनवर तसंच करायला जाऊ नये, म्हणून एवढं लिहितो. मिडोत रिकव्हरीला वेगळी खोली आहे. नंतरच्या बऱ्याच फोनांत सॉफ्टवेअरच्या दोन प्रती असतात आणि रिकव्हरी बूट इमेजच्या पोटात राहते. तिथे "रिकव्हरी फ्लॅश" ही आज्ञाच लागू पडत नाही, आणि फाइल चुकीच्या जागी लिहिली तर फोन उठत नाही. अँड्रॉइड १० सोबत विकायला आलेल्या फोनांपासून प्रत्येक फाइल स्वतंत्र कुलूपात असते. अँड्रॉइड १२ आणि पुढच्या अनेक फोनांत टीडब्ल्यूआरपीला ते कुलूप उघडता येत नाही, पॅटर्न बरोबर असला तरी. सॅमसंगचा रस्ता वेगळा, तिथे फास्टबूट नाही, डाउनलोड मोड आणि कॉम्प्युटरवरचं ओडिन नावाचं टूल. शिवाय परकी इमेज एकदा लिहिली की नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षाव्यवस्थेची खूण कायमची बदलते, नंतर काहीही केलं तरी परत येत नाही. आणि लॉक असलेल्या फोनचं मी वर लिहिलंच आहे. गाळ्यावर असा फोन आला आणि आतला डेटा हवा असेल, तर मी लॉकला हात लावत नाही.

नोव्हेंबर

मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, पूर्व भागातले माग बंद पडले, आणि अण्णा बरेच महिने दिसले नाहीत. मधे मुलीचा एकदा फोन आला होता. कॉपीची दुसरी प्रत काढली आहे, ती एका वेगळ्या डिस्कवर मामाच्या घरी ठेवली आहे, आणि फायली मोजल्यात, असं तिने सांगितलं.

दिवाळी झाल्यावर दोघं आले. फोनवरून पैसे देणं-घेणं आता वाढलं होतं आणि बँकेचं ॲप अनलॉक फोनवर चालायला तयार नव्हतं. शिवाय जानेवारीत विचारलेला प्रश्न अण्णांच्या मनातून गेला नव्हता. फोन हरवला तर? यावेळी डेटा आधीच बाहेर होता, दोन ठिकाणी. कंपनीचं पूर्ण पॅकेज, त्याच मॉडेलचं आणि भारतातल्याच आवृत्तीचं, मुलीने स्वतः उतरवून हॅश ताडून आणलं होतं. सगळं पुसून लॉक करणारा पर्याय आम्ही यावेळी मुद्दाम निवडला. टीडब्ल्यूआरपी गेली, मॅजिस्क गेलं, दहा मिनिटांत फोन कारखान्यातून आल्यासारखा कोरा झाला.

चालू करताना अण्णांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि फोन डोळ्यांजवळ धरला. लोगो आला. खाली काही लिहिलेलं नव्हतं.

"गेलं की ते," ते म्हणाले, आणि मुलीने काठांच्या फोटोंचं फोल्डर परत घालायला केबल लावली.